मौद्याच्या पलीकडे दिसेल का?

माझी नोकरी नेमकी काय होती हे आमच्या घरात कोणाला कधीच कळलं नाही. आई शेवटपर्यंत सांगायची, "सुलभा रेडिओच्या दुकानात आहे." शेजारच्या काकू सांगायच्या, "टीव्ही कंपनीत मोठ्या हुद्द्यावर." दुकान माझं नव्हतं आणि हुद्दा मोठा नव्हता. मी डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे दिवसभर उभं राहून यंत्राची बटणं फिरवून दाखवायची आणि एकाच प्रश्नाला दोनशे वेळा हसून उत्तर द्यायचं. दोनशे एकाव्या वेळी हसू येत नाही, पण पगार त्याच हसण्याचा असतो.

धंद्याची रीत अशी होती. कंपनी मुंबईची. गावोगावी तिची दुकानं नसत. दसरा-दिवाळी जवळ आली, लग्नसराई आली, की कंपनी एखादा रिकामा गाळा महिन्यापुरता भाड्यानं घ्यायची. गाळा नाही मिळाला तर मंगल कार्यालयाचा हॉल, नाहीतर प्रदर्शनातला पत्र्याचा स्टॉल. भिंतींना रंगीत कापड लावायचं, फळ्यांवर सेट मांडायचे, दारावर कागदी झालर, आणि मधोमध छातीवर नावाचा बिल्ला लावलेली मी. विक्री आम्ही करत नसू. ते काम शहरातल्या कायमच्या दुकानदाराचं. आम्ही दाखवायचं, पटवायचं, बुकिंगचं कार्ड भरून घ्यायचं. महिना संपला की कापड उतरवायचं आणि पुढचं गाव. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, टीव्ही, सगळं मी असंच दाखवलं. बाजारात आलेली प्रत्येक नवी वस्तू मी हाताळली आणि त्यातली एकही तेव्हा माझ्या घरी नव्हती.

लोक स्टॉलवर यायचे ते पंख्याखाली बसायला. लेकराला गप्प करायला. एका प्रदर्शनात एक गृहस्थ रोज ठरल्या वेळी स्वतःचा पाट काखोटीला मारून यायचे, ट्रान्झिस्टरपुढं बसून कापसाचे भाव ऐकायचे आणि पाट उचलून निघून जायचे. एक दिवस मी त्या वेळेला गाणी लावली, तर त्यांनी माझी लेखी तक्रार केली. कंपनीनं मला समज दिली. त्यांनी ट्रान्झिस्टर अर्थातच घेतला नाही. कशाला घेतील? रोज फुकट ऐकायला मिळत होता.

पण वैताग म्हणावा तर तो लकडगंजचा. नागपुरात टीव्ही यायचा होता त्या वर्षीचा.

सरकारी प्रक्षेपण केंद्र दसऱ्याला सुरू होणार अशी बातमी होती. आमचे दातार साहेब, मुंबईचे विक्री अधिकारी, यांनी ठरवलं की इतर कंपन्यांच्या आधी आपण शहरात दुकान लावायचं. घाईघाईत जागा मिळाली ती लकडगंजात, धनजीभाईंच्या लाकडाच्या वखारीचा पुढचा भाग. मागं आरा मशीन. ते सुरू झालं की आमचे दिवे मंद व्हायचे आणि सगळ्या सेटांवर भुशाचा थर बसायचा. मी दिवसातून सहा वेळा फडकं फिरवायची. धनजीभाई मागून हाक मारायचे, "सुलभाबेन, भुसा तो लक्ष्मी आहे. पुसू नका." त्यांची लक्ष्मी माझ्या नाकातोंडात जात होती.

दसरा आला आणि गेला. केंद्र सुरू झालं नाही. मग म्हणे दिवाळीला. आमचं दुकान मात्र ठरल्या दिवशी उघडलेलं. बारा टीव्ही ओळीनं चालू आणि बाराही पडद्यांवर नुसत्या मुंग्या. काळ्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या, आणि बाराही सेटांतून तो खर्रर आवाज.

पहिल्याच दिवशी एक म्हातारी आत आली. सगळ्या पडद्यांपुढून सावकाश फिरली आणि मला म्हणाली, "बाई, हे काय दाखवून राहिले जी तुम्ही?"

मी म्हटलं, "आजी, केंद्र सुरू झालं की यात चित्रं दिसतील. माणसं, गाणी, बातम्या."

"आता काहून नाही दिसत?"

"अजून केंद्र सुरू व्हायचं आहे."

"मंग दुकान काहून उघडलं?"

मी तोच प्रश्न पत्रातून मुंबईला कळवला. उत्तर आलं की व्हिडिओ यंत्र पाठवत आहोत, त्यावर चित्र दाखवा. यंत्र आलं. सोबत कॅसेट एकच आली, आणि ती होती कंपनीच्या विक्रेत्यांच्या वार्षिक मेळाव्याची. पाऊण तास भाषणं. दुसऱ्या रांगेत एक जाडेले गृहस्थ झोपलेले. नागपूरकरांनी आमच्या दुकानात पहिला टीव्ही पाहिला तो हा. लोक पुन्हा पुन्हा यायचे, आणि सोबत आणलेल्या पाहुण्याला सांगायचे, "थांब, आता तो मोठा माणूस झोपते." दुसरी कॅसेट पाठवा म्हणून मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याच्या उत्तरात मला विचारलं होतं की बुकिंग कमी का आहे.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दातार साहेब स्वतः नागपुरात येऊन बसले. त्याच आठवड्यात नामदेवराव आले.

पन्नाशीचा माणूस, अंगानं काटक, धुवट पांढरा सदरा, हाताच्या बोटांना सिमेंटनं पडलेल्या भेगा. दारात उभं राहून त्यांनी आधी माझा बिल्ला वाचला. 'कु. सुलभा मेश्राम.' चेहरा एकदम सैल झाला. "जयभीम ताई," ते म्हणाले.

"जयभीम," मी म्हटलं. छप्पन साली दीक्षाभूमीवर मी आईच्या कडेवर होते. ते तेव्हा विशी-पंचविशीतले असतील, त्याच गर्दीत असतील. एका शब्दात एवढं सगळं सांगून होतं. ते साहेबांना सोडून सरळ माझ्याकडे का आले हेही मला कळलं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच जास्त लागलं.

ते गवंडीकाम करत. गाव भंडाऱ्याच्या रस्त्यावर, मौद्याच्याही पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. थोडी शेती. मुलगी वंदना नागपुरात होस्टेलला राहून कॉलेज शिकत होती. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं उघडला. वंदनाची एन.सी.सी.तून सव्वीस जानेवारीच्या दिल्लीतल्या संचलनासाठी निवड झाली होती.

"आमच्या गावातून दिल्लीले कोणी गेलं नाही ताई. पोरगा नाही गेला. आन माही पोट्टी चालली." त्यांनी कागद परत घडी केला. "कॉलेजातले सर म्हणे, ते टीव्हीवर दिसते. गावाले दाखवावं म्हणतो. तिच्या मायले दाखवावं." मग ते थोडं पुढं वाकले. "आमच्या गावाले दिसन का?"

मला उत्तर माहीत होतं. लोक विचारतात म्हणून मी आठच दिवसांपूर्वी प्रक्षेपण केंद्रातल्या एका तंत्रज्ञाला भेटून आले होते. त्यानं सांगितलं होतं, शहर आणि आजूबाजूची थोडी गावं. मौद्याचं नाव काढल्यावर तो हसला होता. "मौद्याच्या पलीकडे विसरा मॅडम. तिथं मुंग्यासुद्धा नीट दिसायच्या नाहीत."

मी बोलणार तेवढ्यात मागून दातार साहेब म्हणाले, "सांगा ना मिस मेश्राम. अँटेना उंच लावला की झालं."

महिनाभर बुकिंग कमी. माझी नोकरी हंगामी. दर हंगामाला नवं पत्र मिळे, आणि ते पत्र साहेबांच्या सहीनं निघे. घरी वडिलांची गिरणीतली पाळी बंद पडलेली. ही सगळी कारणं मी नंतर जोडली. त्या क्षणी मी विचार वगैरे काही केला नाही. मी हसले आणि म्हटलं, "दिसेल. अँटेना तेवढा उंच लागेल."

"उंचाचं काय, आम्ही गवंडीच आहो," नामदेवराव म्हणाले आणि त्यांनी कार्डावर सही केली. अक्षर मोठं, सुंदर होतं.

दुकान उठलं. केंद्र सुरू झालं तेव्हा आमच्या जागी पुन्हा सागाचे ओंडके रचलेले होते. या धंद्यातली खरी गोम ही. कायमच्या दुकानदाराला गिऱ्हाईक शिव्या द्यायला परत येतं, म्हणून तो जपून बोलतो. आमचं दुकान उठून जातं. बोललेलं तेवढं मागं राहतं, आणि ते कोणाकडे मागायचं हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

नामदेवरावांना कळलं. जानेवारीच्या मध्यावर ते लकडगंजला आले, ओंडके पाहिले, आणि धनजीभाईंना विचारून सरळ नागपुरातल्याच माझ्या घरी पोचले. पंधरा दिवस ते घराच्या छतावर बांबू उभा करून बघत होते. रागावलेले नव्हते. त्यांचं आपलं हेच म्हणणं की आपलंच काहीतरी चुकत असेल.

"खर्रर करते नुसतं. मी बांबू इकडं केला, तिकडं केला. तुम्ही एकडाव पाहून घ्या ना ताई. आठ दिवस राह्यले फक्त."

मी दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, सेट उत्तम आहे, दोष प्रक्षेपणाचा. केंद्रात गेले. तो तंत्रज्ञ म्हणाला, प्रक्षेपण उत्तम आहे, दोष अंतराचा. मुंबईला ट्रंककॉल लावला. दोन तास थांबून लागला. दातार साहेब म्हणाले, "हंगाम संपला आहे मिस मेश्राम. गिऱ्हाइकाला दुकानदाराकडे पाठवा." मी म्हटलं, "दुकानदार म्हणतो दोष अंतराचा." साहेब म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." सगळ्यांचं सगळं बरोबर होतं. चुकलेली एकटी मीच होते, आणि माझी चूक दुरुस्त करायला कंपनीकडे खातं नव्हतं.

मग मी त्या तंत्रज्ञाच्या मागंच लागले. त्यानं वैतागून स्वतः बनवलेला मोठा अँटेना दिला, ॲल्युमिनियमचा, बारा काट्यांचा, आणि सिग्नल वाढवायचा एक बूस्टर. "दिसणार नाहीच," तो म्हणाला. "पण तुमचं समाधान होऊ द्या." पंचवीस जानेवारीला दुपारी तो सांगाडा एसटीच्या टपावर बांधून मी निघाले. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "बाई, हे मासोळीचं हाडूक कुठं घेऊन चालल्या?" मला हसू आलं नाही.

मी मनाशी ठरवून गेले होते. अँटेना लावायचा, चित्र येणार नाही, मग सगळ्यांसमोर सांगायचं की मला आधीपासून ठाऊक होतं, मी खोटं बोलले, आणि सेट परत घेऊन जायचा.

गावानं माझा हा बेत पार विसकटून टाकला. एसटीतून उतरले तर अर्धं गाव थांब्यावर. "टीव्हीवाली बाई आली!" नामदेवरावांची बायको शेवंताबाई, ठेंगणी, ठसठशीत कुंकू, तिनं मला दारातच गूळपाणी दिलं. घर नामदेवरावांनी स्वतः बांधलेलं, विटांचं, सपाट छताचं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आमचा टीव्ही, आणि त्याला हार घातलेला. चालत नसलेल्या टीव्हीला हार.

संध्याकाळपर्यंत दोन लांब बांबू एकमेकांना बांधून आम्ही अँटेना चढवला. बूस्टर जोडला. मी सेट लावला. मुंग्या. नामदेवरावांनी वरून बांबू जरा वाकवला, आणि मुंग्यांच्या मागं एक माणूस हलला.

मी ओरडले, "थांबा! तसाच धरा!"

बातम्या देणारा माणूस होता. थरथरता, दोन सावल्या असलेला, पण माणूस. आवाज तर चांगला स्वच्छ. नामदेवरावांनी बांबू दोरानं बांधला आणि हात सोडला, तसा माणूस गेला. पुन्हा धरला, पुन्हा आला. वाऱ्यानं बांबू डुलायचा, आणि हातानं धरून एका विशिष्ट कोनात तोलला तरच चित्र टिकायचं. दोरानं, विटांनी, खुंटीनं, सगळ्यानं करून बघितलं. माणसाचा हातच लागत होता.

"मंग काय," वरून नामदेवराव म्हणाले. "उद्या मी धरतो."

"तुम्ही धराल तर तुम्हाला कसं दिसणार?" मी विचारलं.

"मायीले दिसन ना तिच्या. तिनं पाहिलं का मी पाहिलं."

सव्वीस तारखेला सकाळी घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडकीत माणसं, ओसरीवर माणसं, शाळेतली पोरं झेंडावंदन करून थेट इकडं आलेली. शेवंताबाई सगळ्यात पुढं, नवं लुगडं नेसून मांडी घालून बसलेली. मी सेटाशेजारी, एक हात बटणावर. वरती छतावर नामदेवराव दोन्ही हातांत बांबू धरून उभे. वर जायच्या जिन्यावर एक शेजारी बसला होता, तो आतलं बोलणं वर पोचवायचा. "जरा डावीकडं गा! आलं, आलं! राहू दे!"

संचलन सुरू झालं. घोडे आले, गेले. रणगाडे आले. चित्र यायचं, पाण्यात पडल्यासारखं हलायचं, जायचं, पुन्हा यायचं. लोक श्वास धरून बघत होते. तासाभरानं वारा सुटला. नामदेवराव वर तोल सावरत होते. त्यांच्या पायांचा आवाज छतावर ऐकू येत होता.

मग निवेदक म्हणाला की आता एन.सी.सी.च्या मुलींचं पथक येत आहे.

घरात कोणीतरी "शूऽ" केलं. आणि वाऱ्याचा एक झोत आला आणि पडदा गेला. पूर्ण गेला. नुसत्या मुंग्या, खर्रर. मी बटण फिरवत होते, जिन्यावरचा माणूस "उजवीकडं! उजवीकडं!" ओरडत होता, वर नामदेवराव बांबूशी झटत होते. बँडचा आवाज मधूनच येत होता. पथक तिकडे दिल्लीत चालत चाललं होतं आणि इकडे काहीच नव्हतं. मला रडू आलं. मी मागं वळले, आता सांगून टाकावं म्हणून.

तेवढ्यात शेवंताबाई गुडघ्यांवर उठली, पडद्याकडे बोट केलं आणि घर दणाणेल अशी ओरडली, "दिसली वं! दिसली! थे पाहा, माही वंदना! थे पाहा!"

मग मागची एक बाई म्हणाली, "हो वं, थेच ते!" आणि मग सगळं घर ओरडायला लागलं. पोरं टाळ्या पिटत होती. जिन्यावरच्यानं वर आरोळी दिली, "नामदेव, दिसली गा! तुही पोट्टी दिसली!" आणि छतावरून नामदेवरावांचा आवाज आला, मोठ्यानं हसण्याचा. हसता हसता तो रडण्यात गेला.

पडद्यावर अजून मुंग्याच होत्या.

शेवंताबाई खाली बसली. माझ्याकडे न बघता, मला तेवढंच ऐकू येईल असं म्हणाली, "दोन तास झाले, बांबू धरून राहिले ते. त्याहिले काय सांगू?"

मी बटण बंद केलं.

दुपारी एसटीच्या थांब्यावर नामदेवराव मला पोचवायला आले. त्यांचे तळहात सोलवटले होते. मला राहवेना. मी म्हटलं, "नामदेवराव, तुमच्या गावाला दिसणार नाही हे मला दुकानातच माहीत होतं. मी खोटं सांगितलं तुम्हाला. सेट परत करा, मी कंपनीशी भांडते."

ते शांतपणे म्हणाले, "मंग आज कसं दिसलं?"

आता मी काय बोलणार? खरं बोलायचं तर त्या बाईला खोटं पाडायचं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढं कबुली द्यायला उभी राहिले, तर त्याची बायको माझ्या आधी पोचलेली. एसटी आली आणि मी चढले. भंडारा रोडवर पूर्ण वेळ मी चिडलेली होते. कोणावर, ते मला सांगता आलं नसतं.

चीड खरी वाढली ती महिन्याभरानं. मौद्याकडच्या तीन गावांतून दुकानदाराकडे तीन बुकिंग आली, तिन्ही माझ्या नावानं. दातार साहेबांचं अभिनंदनाचं पत्र आलं. 'ग्रामीण भागात आपण घेतलेल्या विशेष मेहनतीबद्दल.' इतक्या वर्षांत मिळालेलं ते एकच. मी ते फाडलं आणि सुट्टी टाकून नामदेवरावांचं गाव गाठलं.

ते एका भिंतीवर काम करत होते. मी खालूनच सुरू झाले. "तुम्ही लोकांना काय सांगताय? तुमच्याकडे दिसतं म्हणून? तीन माणसं फसतील आता. तुमच्या घरी काहीसुद्धा दिसलं नाही त्या दिवशी. नुसत्या मुंग्या होत्या!" बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांनी थापी ठेवली. खाली उतरले. हात धुतले.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "खर्रर आवाज वर येत होता. मी बहिरा नाही ताई."

"मग मला थांब्यावर विचारलं काहून, आज कसं दिसलं म्हणून?"

"शेवंतानं एवढ्या गावापुढं सांगितलं, दिसली. मी म्हणू का नाही दिसली?" ते डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसत राहिले. "मी कोणाले सांगितलं नाही. गाव सांगते. ते एवढे जण होते ना घरात, त्या सगळ्याहिले दिसली."

वंदना दिल्लीहून येऊन परत होस्टेलला गेली होती. ती कितव्या रांगेत होती, कुठल्या बाजूला, हे तिला घरात कोणी विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. एवढं मला तिथं कळलं.

मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे. पण त्या तिघांचं काय? मी जाऊन 'घेऊ नका' म्हटलं तर ते म्हणतील, नामदेवच्या घरी दिसलं ना."

त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल काढली. मग म्हणाले, "चाला."

सायकलच्या कॅरिअरवर बसून मी त्यांच्याबरोबर पहिल्या गावी गेले. त्या माणसाचं नाव सीताराम. नामदेवरावांचा ओळखीचा, भाताची शेती, घर खाऊनपिऊन सुखी. अंगणात खाट टाकली, चहा आला. मी सरळ सांगितलं, "भाऊ, बुकिंग रद्द करा. तुमच्या गावाला टीव्ही दिसणार नाही."

सीताराम हसायला लागला. "कंपनीची बाईच म्हणते घेऊ नको! काहून जी? नामदेवच्या घरी तर चांगलं दिसलं. माह्या सासऱ्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

मी नामदेवरावांकडे पाहिलं. आता एकतर ते बायकोला खोटं पाडणार, नाहीतर मला. दुसरा रस्ता मला दिसत नव्हता, आणि बोलण्यावर पोट भरण्यात माझी दहा वर्षं गेली होती.

नामदेवरावांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"आमच्याकडं दिसलं, खरं आहे," ते म्हणाले. "माही पोरगी होती म्हून दिसलं. तुहं कोण आहे गा दिल्लीत?"

सीतारामनं मान खाली घालून डोकं खाजवलं. "कोणी नाही," तो म्हणाला.

"मंग नको घेऊ."

त्यानं घेतला नाही. उरलेल्या दोन गावांतही नामदेवरावांनी हेच सांगितलं आणि तिथंही कोणी पुढं वाद घातला नाही. मुंबईहून विचारणा आली, तीन बुकिंग एकाच आठवड्यात रद्द होण्याचं कारण कळवावं. मी कागद घेतला आणि नामदेवराव जे बोलले ते जसंच्या तसं लिहून, खाली माझी सही करून, पाठवून दिलं.